चिमीच्या दुपारी

चिमी सव्वादोन वर्षांची आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिला पाळणाघरात सोडतो आणि सहा-साडेसहाला घरी आणतो. म्हणजे तिची सकाळ आमची, संध्याकाळ आमची, रात्रही आमची. दुपार मात्र पाळणाघरातल्या मावशींची. शनिवार-रविवारच्या दुपारी आम्ही घरातच असतो, पण तेव्हा दळण असतं, किराणा असतो, कपड्यांचा ढीग असतो, कुणीतरी आलेलं असतं. चिमी कडेवर असते आणि हात दुसऱ्या कामात.

तिच्या जन्मानंतर बायकोला २६ आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला तेव्हापासून ती मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. मी खासगी नोकरीत; तिथे बापाला कायद्याने एकही दिवस नाही, जे काय मिळेल ते कंपनीच्या मर्जीवर. मला मिळाले ते थोडे दिवस इस्पितळाच्या फेऱ्यांत संपले. तेव्हापासून मनात होतं की हिच्या काही दुपारी सलग आपल्याला मिळायला हव्यात. यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी आला, मागेपुढे रजा जोडता आली, आणि सिंधुदुर्गात जायचं ठरलं.

कार्यक्रम मुद्दाम विरळ ठेवला. सकाळी एकच काहीतरी बघायचं, साडेबारापर्यंत चिमीचं जेवण आणि मग झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एक-दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, आणि त्यात दुपारची झोपही धरलेली आहे. ती मोडली की संध्याकाळ मोडते, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं.

शुक्रवार : ठाणे ते कुडाळ

मांडवी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सात दहाला निघते. आम्ही ठाण्याला चढलो. पाच वर्षांखालच्या मुलांना वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही, त्यामुळे चिमी कधी माझ्या, कधी आईच्या मांडीवर. आणि खिडकी कायम तिची. मांडवी खाण्यासाठी नावाजलेली गाडी आहे. पनवेलपर्यंत तिने 'वडा', 'चाय' आणि 'कतलेत' या तीन आरोळ्या आत्मसात केल्या आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकवल्या. पलीकडच्या आजोबांनी तिच्याकडून दोन वेळा चहा मागवला. ती मुठीतून आणून देत होती आणि ते फुंकर मारून पीत होते.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते. नव्वदच्या वर बोगदे आणि दोन हजारांच्या घरात पूल असलेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. मोठ्यांना बोगदा म्हणजे मोबाइलची रेंज जाणं. चिमीला पहिला बोगदा आला तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, लाईट गेली." बाहेर उजेड आल्यावर, "आली!" मग प्रत्येक बोगद्याला हे झालं. चिपळूणपर्यंत आमच्या समोरचं कुटुंबही 'गेली', 'आली' करायला लागलं होतं.

जेवण झाल्यावर ती पेंगुळली, पण झोपायला तयार नव्हती. अंग ताठ करायची, खिडकीकडे हात करायची, डोळे चोळायची. तेवढ्यात रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा लागला. हा साडेसहा किलोमीटरचा आहे, लवकर संपत नाही. "लाईट गेली," ती म्हणाली आणि काळ्या काचेत स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत 'आली'ची वाट पाहत राहिली. तिथेच तिची मान माझ्या दंडावर कलंडली.

झोप लागता लागता तिचा हात वर आला आणि माझ्या कानाची पाळी शोधून दोन बोटांत चुरायला लागला. मी तसाच बसून राहिलो. रात्री झोपताना ती आईच्या ओढणीचं टोक धरते, कानाला कधी हात लावत नाही. मी बायकोकडे बघितलं. तीही तेच बघत होती. "मावशींचा कान," ती म्हणाली.

रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल येतो, नदीपासून ६४ मीटर उंच. मागे एकदा मी तो दारात उभं राहून पाहिला होता. या वेळी बसल्या जागेवरून त्याची झाडांची खोल दरी तेवढी दिसली. दंडाला मुंग्या आल्या होत्या आणि मांडीवर चिमीच्या तोंडाची दूध पिल्यासारखी बारीक हालचाल चालली होती. ही गोष्ट ती तान्ही असताना करायची. ती अजून दुपारच्या झोपेत शिल्लक आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपार कलल्यावर कुडाळला उतरलो. तिथून तारकर्लीला रिक्षाने.

शनिवार : तारकर्ली

उतरलो होतो ते घरगुती राहण्याचं ठिकाण. पुढे पडवी, मागे माड, आणि माडांच्या पलीकडे समुद्र. नव्या जागेत चिमी रात्री दोनदा उठली आणि 'घरी' म्हणून रडली. दुसऱ्यांदा मी तिला घेऊन पडवीत फेऱ्या मारल्या, तेव्हा घरच्या काकू उठून आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत गेल्या. त्यानंतर ती झोपली.

सकाळी त्याच काकूंनी विचारलं, "काय गो बाय, पेज होई तुका?" उकड्या तांदळाची गरम पेज, थोडं मीठ, बाजूला खोबऱ्याची कातळी. बायकोने सवयीने चमचा उचलला, तर चिमीने तो ढकलला आणि जमिनीवर मांडी घालून बसली. वाटी पुढ्यात घेतली. चार बोटं जोडून शितं गोळा केली, अंगठ्याने लोटून तोंडात टाकली, आणि उरलेली पेज दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायली. थोडी फ्रॉकवर सांडली तेव्हा "पुसा" म्हणाली. घरी आम्ही हिला गोष्टी सांगत, चिऊचा घास-काऊचा घास करत भरवतो. पाळणाघरात सात-आठ मुलं ओळीत बसून आपल्या हाताने जेवतात, एवढं कानावर होतं. ते जेवण कसं दिसतं ते त्या पडवीत दिसलं. तेव्हापासून आम्ही भरवणं सोडलं. तिच्या आईला वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. मला नुसता अभिमान वाटला.

आठच्या सुमारास किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि त्याची दोन टोकं दोन बाजूंना किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा दोर धरून मागे मागे चालत ते ओढतात. सगळ्यात मागचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्यापाशी जातो आणि तिथून धरतो. ही फिरती ओढ तास-दीड तास चालते. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात.

चिमी बराच वेळ उभी राहून बघत होती. मग माझा हात सोडून थेट दोराकडे गेली. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने तिला आपल्या मागे घेतलं आणि जमिनीवर लोळणाऱ्या सैल दोराचं टोक तिच्या हातात दिलं. "धर गो बाय, वड!" तिने धरलं. तो ओला, खरबरीत दोर तिच्या मुठीत मावत नव्हता. ती दोन्ही हातांनी कवटाळून, ओठ घट्ट मिटून, टाचा वाळूत रोवून ओढायला लागली. माणसं मागे सरकली की ती सरकायची, थांबली की थांबायची. कुणी तिला हसलं नाही. मी उचलायला गेलो तर "मी," एवढंच म्हणाली. सव्वादोन वर्षांचं मूल एका कामात इतका वेळ टिकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. घरी तिची खेळणी दर पाच मिनिटांनी बदलतात. पण घरी तिला कधी खरं काम मिळालेलं नाही.

जाळं वर आलं तेव्हा आत तारल्या, थोडे बांगडे, बारीकसारीक बरंच काही होतं. "मासा उठला!" चिमी ओरडली. मासे तडफडत होते. ती उकिडवी बसून एकाच बांगड्याकडे बघत राहिली. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते, पाठीवरच्या हिरव्या-निळ्या रेघांवर वाळू चिकटत होती. थोड्या वेळाने ते थांबलं. "मासा झोपला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मासा मेला, चिमी. आता तो उठणार नाही. आता आपण तो खाणार." तिने ते ऐकलं, बोटाने त्याचा डोळा हलकेच दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाय मासा." मुलांशी खरं बोलावं असं मी मानतो आणि ते मला सोपं जाईल असं वाटायचं, पण तिच्या 'बाय'ने घसा दाटून आला.

दोर दिलेले ते काका सांगत होते की रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. पर्ससीन म्हणजे मासळीचे थवेच वेढून टाकणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडीचे दिवे लावून होणाऱ्या मासेमारीशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांचा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे. दोर ओढणाऱ्यांना वाटणी मिळते, म्हणून त्यांनी चिमीलाही चार तारल्या दिल्या. तिने फ्रॉकच्या ओच्यात घेऊन त्या काकूंना नेऊन दिल्या. दुपारी तळून ताटात आल्या तेव्हा काटे काढता काढता तिची आई तिला 'ही तुझी, ही तुझी' म्हणत होती.

मग पडवीतल्या चटईवर झोप. पुन्हा कान. ती झोपल्यावर मी उठलो नाही, शेजारीच पडून राहिलो. माडाचं झावळ कधीतरी खाली येत होतं, मागच्या बाजूला काकू नारळ खवत होत्या. झोपेत चिमीला कपाळाच्या कडेला घाम येतो, केस चिकटतात आणि डावा पाय अधूनमधून झटकला जातो. दोन तासांनी ती उठली ती रडतच. पहिले काही क्षण ती कुणालाच ओळखत नाही. तेव्हा बोललेलं चालत नाही, पाणी पुढे केलेलं चालत नाही, खेळणं तर मुळीच नाही. नुसतं पोटाशी धरून बसावं लागतं. हळूहळू श्वास लांब होतो, मग ती स्वतःहून एखादा शब्द बोलते. त्या दिवशी बोलली, "दोर."

रविवार : सिंधुदुर्ग किल्ला

सकाळी लवकर मालवणच्या जेटीवर गेलो, कारण उशीर झाला की गर्दी होते. होडीत तिला लहान लाइफ जॅकेट मिळालं. गळ्याखालचा पट्टा टोचत होता, तरी नारिंगी रंग आवडल्यामुळे तिने ते घातलं, आणि किल्ल्यावर उतरल्यावर काढायला नकार दिला.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू केलं. दरवाजा असा वळणात दडवला आहे की जवळ जाईपर्यंत तटात वाट आहे हे कळत नाही. चिमीला कळलं ते इतकंच की भिंत संपतच नाही. ती एका हाताने भिंतीवरून बोट फिरवत चालत राहिली. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा बघायला तिला उचलून घेतलं. तिने स्वतःचा तळहात उघडून त्या दिशेला धरला. मला मनापासून वाटलं की तिची ही किल्ल्याची पहिली आठवण तिच्यात कुठेतरी राहावी. तशी ती राहणार नाही, इतक्या लहानपणचं पुढे आठवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.

राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात ती मोठ्याने "जय!" म्हणाली. घंटा हाताला लागेना म्हणून खट्टू झाली, तेव्हा पुजाऱ्यांनी स्वतः तिला वर धरलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विहिरींपाशी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मी नावं सांगितली आणि ती ताबडतोब दुधाच्या विहिरीत डोकावायला लागली. कठड्यावर तिला घट्ट धरून खाली दाखवलं. आत काळं-हिरवं पाणी आणि त्यात आम्हा दोघांची डोकी. "दूध?" तिने विचारलं. "पाणी," मी म्हणालो. "गोड पाणी." पुढे दहीबावेपाशी तिने तोच प्रश्न विचारला, "दही?" आणि साखरबावेपाशी येईपर्यंत ती स्वतःच सांगायला लागली, "पाणी. गोड."

बारा वाजता परतीची होडी धरली. उरलेल्या दिवसात खायला खापरोळ्या आणि नारळाचा रस, झोप, आणि संध्याकाळी वाळूत खड्डा खणून त्यात पाणी ओतणं. पाणी जिरायचं, ती पुन्हा आणायची. याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही, पण मला तो तास खूप आवडला.

सोमवार : पिंगुळी आणि सावंतवाडी

सामान बांधून सकाळी निघालो. वाटेत एका शाळेत झेंडावंदन चाललं होतं. रिक्षा थांबवून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. राष्ट्रगीत चालू असताना चिमी ताठ उभी होती, हात कपाळाला, पण डावा.

कुडाळला लागून पिंगुळी गाव आहे. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यानपिढ्या सांभाळली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यात कलेचं संग्रहालय उभं केलं आहे. चित्रकथीची जुनी चित्रं, चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या, आणि दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या. यातल्या चित्रांकडे मी तासभर बघत बसलो असतो. चिमीला बाहुली हलताना दिसली आणि बाकी सगळं संपलं. ती बाहुलीकडे बघत होती, मग मान वर करून दोऱ्यांकडे, मग बोटांकडे, आणि पुन्हा खाली. दोर म्हणजे काय हे तिला शनिवारपासून माहीत होतं. "वड," ती बाहुली नाचवणाऱ्यांना म्हणाली. त्यांनी एक दोरी तिच्या बोटात दिली, बाहुलीचा हात वर झाला, आणि चिमीनेही आपला हात वर केला.

दुपारची झोप सावंतवाडीच्या लॉजवर झाली. उठल्यावर मोती तलावाच्या काठाने चितार आळीत गेलो. लाकडी खेळण्यांची ही जुनी पेठ. लाकडाची केळी, आंबे, काजू, मिरच्या इतक्या हुबेहूब रंगवलेल्या की हात लावल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्यासाठी रंगीत बैलजोडी आणि भोवरा निवडला होता. ती भातुकलीच्या टोपलीशी बसली आणि तिने पोळपाट-लाटणं उचललं.

दुकानाच्या पायरीवरच तिने पोळपाट मांडला. डाव्या हाताने हवेतून चिमूटभर पीठ घेतलं आणि भुरभुरलं. दोन्ही तळव्यांनी लाटणं पुढे-मागे फिरवलं, थोडं थांबून पोळपाट पाव गिरकी वळवला, पुन्हा लाटलं. पोळी उचलून एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली, तव्यावर टाकली. आमच्या घरी पोळ्यांच्या ताई येतात त्या चिमी पाळणाघरात गेल्यानंतर. हे लाटणं तिने आमच्याकडे पाहिलेलंच नाही. आणि हे सगळं करताना ती गुणगुणत होती. शब्द नव्हते, चार-पाच सुरांची एकच ओळ, शेवटी वर जाऊन थांबणारी. आम्ही घरी गातो त्यातलं ते काही नव्हतं.

बायको माझ्या शेजारी पायरीवर बसली. पाळणाघरात आमच्या मुलीच्या पावणेबारा वाजता काय घडतं ते आम्ही बघत होतो. कुणीतरी बाई रोज तिच्यासमोर बसून पोळ्या लाटते, गुणगुणते, आणि ही मांडी घालून तिच्या हातांकडे एकटक बघत राहते. आपण नसताना मूल एकटं पडत असेल असं आईबापाच्या मनात कायम असतं. चिमी एकटी नव्हती. मला रडू आलं ते त्या बाईंबद्दलच्या कृतज्ञतेने.

एक पोळी मला मिळाली, एक तिच्या आईला, एक दुकानदारांना. त्यांनी पोळपाट-लाटण्याबरोबर छोटा तवा तसाच दिला.

मंगळवार : परत

मांडवीनेच. बोगदे उलट क्रमाने आले. करबुडे येईपर्यंत ती झोपलेली होती.

बुधवार : ठाणे

हा प्रवासात धरायचा नाही, पण इथपर्यंत आलो आहे तर सांगतो. सकाळी तिला सोडायला मी गेलो. दारात चिमीने पिशवीतून पोळपाट काढून मावशींना दाखवला. मी मावशींना ते गुणगुणणं म्हणून दाखवलं, येईल तसं, आणि विचारलं की हे कुठलं गाणं. मावशी आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "अहो, गाणं कसलं! माझी आई दळायला बसली की असा सूर धरायची. मला शब्द येत नाहीत. पोरं शांत बसतात म्हणून आपलं चालू असतं."

मी त्यांना कानाचंही सांगितलं. त्यांनी पदर बाजूला करून डावा कान दाखवला. त्यात कुडी नव्हती. "हिला टोचते म्हणून दुपारची काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही या की एकदा, साडेअकराला. सगळ्या पोरांबरोबर जेवा."

पुढच्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. मावशींनी विचारून ठेवलं आहे की मला भाजी तिखट चालते का.